पाठीवरचे पाहुणे

आबांना लग्नाला बोलवायचं म्हणजे जोखीमच होती. पंगत बसायच्या आधी एखादं लहान पोर उचलायचे, जरा वरखाली करायचे आणि सांगायचे, "साडेबारा किलो." पोराची आई हसायची. इथपर्यंत ठीक. पण आमच्या ड्रायव्हरच्या लग्नात नवरीची आई स्टेजच्या पायरीवरून घसरली, आबांनी तिला वरच्या वर झेललं, नीट उभं केलं आणि अगदी आदराने, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर म्हणाले, "एक्क्याऐंशी. शालूसकट." ती बाई अजूनही आमच्या केंद्रासमोरून जाताना तोंड फिरवते. यात आपलं काय चुकलं ते आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. "आकडा चुकला का?" एवढंच विचारत राहिले.

आबा आमच्या अग्निशमन केंद्रात लीडिंग फायरमन होते. म्हणजे साहेबांच्या खाली आणि आम्हा सगळ्यांच्या वर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असणार, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. साहेबही आबाच म्हणायचे. उंची बेताची, मान आखूड, अंगावर चरबीचा पत्ता नाही आणि दंडही काही बघण्यासारखे नाहीत. रस्त्यात दिसले असते तर टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ वाटले असते. फक्त पाठीवर ती पिशवी नसती तर.

ती पिशवी नाशिकच्या सगळ्या गंगापूर रोडला माहीत होती. बाद झालेला कॅनव्हासचा पाइप, ज्यातून आम्ही आगीवर पाणी मारतो तो, कापून त्यांनी चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून ती करून घेतली होती. आत वाळू. तिला चेन नाही, बटण नाही, तोंड दाभणाने शिवून टाकलेलं. "उघडता आलं की माणूस काढतो," म्हणायचे. मखमलाबादहून केंद्रापर्यंत रोज ही पिशवी घेऊन चालत यायचे आणि चालत जायचे. रिक्षावाले ओळखीचे होते. "आबा, बसा ना, फुकट सोडतो," म्हणायचे. आबा म्हणायचे, "तुझ्या रिक्षाचं पासिंग बघ आधी. आम्ही दोघं आहोत."

पळायचे मात्र कधीच नाहीत. ओझं घेऊन कुणी पळताना दिसला तर खवळायचे. "गुडघे काय सरकार परत देणार आहे का? चाल! माणसासारखा चाल!" वजन वाढवायचं ते दर सोमवारी, शिवण उसवून एक तांब्या वाळू आणि परत टाके. त्याहून कणभर जास्त नाही. आमच्यातला एक जण जिमला जायचा, दंडावर वाघ गोंदवलेला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "आबा, मला डायरेक्ट तीस किलो द्या." आबांनी दिली. पांडवलेणीच्या निम्म्या पायऱ्या चढून वाघ खाली बसला आणि आबांनी त्याची पिशवीही स्वतःच्या पाठीवर घेतली. खाली आल्यावर चहा पाजला त्याला, टोमणा एकही मारला नाही. दुसऱ्या दिवशी एक किलोची पिशवी हातात दिली, लहान मुलांच्या दप्तराएवढी. महिनाभर तो तीच घेऊन फिरला आणि पोरी बघतात म्हणून हेल्मेट घालून फिरला.

ड्युटीवर आबांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. फोन आला की रिसीव्हर कानाला लावून बैठका. गाडीचा पंप तपासायचा तर एका पायावर उभं राहून. धुतलेला पाइप गच्चीत वाळत घालायचा तर गुंडाळी खांद्यावर घेऊन आधी मैदानाला दोन फेऱ्या, मग गच्ची. केंद्राची जुनी जीप धुवायला बाहेर काढायची म्हणजे चावी लावायची नाही, ढकलायची. ड्रायव्हर वैतागायचा. "आबा, इंजिन कशाला दिलंय मग कंपनीनं?" "इंजिनला काय करायचाय व्यायाम?" असं ते विचारायचे आणि मागून ढकलायला लागायचे. आठवडी बाजारात भाजीवाल्या मावश्या त्यांची वाटच बघायच्या. क्रेट उचलून रिक्षात ठेवायचे, वजन सांगायचे. मावश्या काट्यावर घालून बघायच्या. दोनशे ग्रॅम इकडेतिकडे.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय आबा सांगता येत नाहीत.

मी वणीच्या अलीकडच्या गावातली. टोमॅटोचे क्रेट डोक्यावर वाहत वाढले, त्यामुळे अंगात ताकद आहे असा माझा मोठा गैरसमज. भरतीत पळाले, लांब उडी मारली, निवडले गेले. गावात पेढे वाटले. मग प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा आली. चार मजली ड्रिल टॉवरवरून माणूस पाठीवर घेऊन खाली यायचं आणि पुढे तीस पावलं चालायचं, मध्ये कुठेही न टेकवता. माणूस म्हणजे जुन्या बॉयलर सूटच्या अंगभर गणवेशात वाळू आणि चिंध्या कोंबलेला बाहुला. तिसऱ्या मजल्यावर माझे पाय थरथरायला लागले आणि दुसऱ्यावर मी आणि तो बाहुला एकमेकांच्या गळ्यात पडून बसलो. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "दोन महिन्यांनी आणखी एक संधी आहे. त्यात नाही जमलं तर कंट्रोल रूमला फोनवर बस. कायमची. काही वाईट काम नाही ते."

घरी फोन केला तर वडील म्हणाले, "नाय जमत तं नाय जमत. पगार तोच हे ना? मग झालं तर." त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं, पण मला इतकं लागलं की मी फोन ठेवून दिला. पगार तोच होता हो. पण मला गाडीवर जायचं होतं. घंटा वाजली की बूट चढवून गाडीवर उडी मारायची, यासाठी मी गाव सोडलं होतं, दुसऱ्याला "पत्ता सांगा" म्हणायला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्या हातात पिशवी दिली. शिवलेली. "किती आहे?" मी विचारलं. "मोजायची नाही, घ्यायची," म्हणाले आणि चालायला लागले.

त्या दोन महिन्यांत मी आबांबरोबर किती चालले देव जाणे. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि परत. त्यांचा एक नियम होता, ओझं घेऊन चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. त्यामुळे ते सतत प्रश्न विचारायचे आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला लावायचे. "घरी कोण कोण? म्हशी किती? कुठली म्हैस मारकी?" असं करत करत माझ्या सगळ्या खानदानाची माहिती त्यांना झाली. वडिलांशी मी महिनाभर नीट बोलले नाही हेही कळलं. मग दर दोन दिवसांनी, चढ लागला की विचारायचे, "वडील काय म्हणतात?" आणि मला खोटं बोलायला दमच पुरायचा नाही. शेवटी मी वडिलांना फोन करायला लागले, उत्तर द्यायला काहीतरी पाहिजे म्हणून.

त्या बाहुल्याला आबा 'पाहुणे' म्हणायचे. त्याला लाथ मारलेली, पाय धरून फरपटलेली त्यांना खपायची नाही. ड्युटीरूममध्ये त्याला खुर्ची होती, डोक्यावर टोपी होती. बाहेरून कुणी आलं की आबा आधी बाहुल्याकडे बोट दाखवायचे, "पाहुण्यांना चहा विचारा रे." नवीन माणूस खरंच विचारायचा. मीही विचारला होता.

पाहुण्यांची कवायत आबांनी स्वतः बसवलेली. वरून पाठीवर घ्यायचे, चार मजले उतरायचे, आणि खाली आल्यावर टेकवायचं नाही. तसंच वळायचं आणि परत वर. वर नेऊन तिथल्या दुसऱ्या खुर्चीत बसवायचं. "उतरायला कुणीही उतरतं. दम चढताना कळतो," म्हणायचे. मी ती कवायत महिन्याने कशीबशी एकदा केली, दीड महिन्याने सलग तीनदा. शेवटची पायरी लागली की पाय आपोआप वळायचे. डोकं लागायचंच नाही त्याला. मला त्याचा केवढा अभिमान! परीक्षा दहा दिवसांवर होती आणि मला वाटायला लागलं होतं की झालं, आपण पास.

आणि मग तो कॉल आला. सकाळी अकराची वेळ. एका जुन्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावरची मीटरची पेटी जळाली होती. आग तशी किरकोळ, पोरांनी पाच मिनिटांत विझवली, पण जिन्यात काळा धूर कोंडलेला. तिसऱ्या मजल्यावर एक काका होते, आठवड्यापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. माणसं कमी होती, आबांनी मला बरोबर घेतलं. तोंडाला मास्क, पाठीला हवेची नळकांडी. वर गेल्यावर नळकांडी आबांनी माझ्या छातीवर घेऊन बांधली, काकांना ओला टॉवेल दिला, माझ्या पाठीवर बसवलं आणि म्हणाले, "ने. मी बाकीची दारं बघून येतो."

खरं सांगते, काका मला हलके लागले. पाहुण्यांपेक्षा हलके. तिसरा, दुसरा, पहिला. धुरात भिंतीला हात लावून मोजून पायऱ्या उतरले. पाय थरथरले नाहीत. शेवटची पायरी आली, समोर पार्किंगमध्ये उजेड, माणसं, आमची गाडी. आणि मी वळले.

हो. वळले आणि काकांना घेऊन परत वर चढायला लागले.

चार पायऱ्या चढले असेन. काका माझ्या हेल्मेटवर थापा मारत होते. "अहो बाई! अहो, खाली! वर कुठं नेताय मला!" मला ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. वरून आबा उतरत होते, हातात कुणाचा तरी पोपटाचा पिंजरा. आम्ही जिन्यात समोरासमोर आलो. त्यांनी एका हाताने मला खांद्याला धरून फिरवलं आणि बाहेर नेलं. काका सुखरूप होते, नुसते खोकत होते आणि भयंकर चिडलेले होते.

समोरच्या गच्चीतून कुणीतरी व्हिडिओ काढला होता. जिन्याच्या तळच्या टप्प्याला बाहेरून नुसती जाळी, तिथला धूर निघून गेलेला, सगळं स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तो निम्म्या नाशिकच्या फोनवर. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. 'मॅडम काकांना घरी सोडायला चालल्या.' गावातल्या ग्रुपवरही गेला. वडिलांचा फोन आला, मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "परीक्षेची आता गरज नाही," म्हणाले. "ताकदीचा प्रश्न नाही हा. माणूस वाचवायचा की परत आत न्यायचा एवढं ज्याला कळत नाही त्याला मी गाडीवर कसा पाठवू?" त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आबा दारात उभे होते. पिशवी पाठीवरच. न विचारता आत आले.

"साहेब, तिला डोकं नाही असं म्हणू नका. तिनं तेच केलं जे मी दोन महिने करून घेतलं. माझी कवायत चुकलीय."

साहेब म्हणाले, "आबा, तुमची कवायत किती वर्षांची आहे?"

"तेवढी वर्षं चुकलीय मग. मी सगळ्यांना उचलायला शिकवलं. टेकवायला एकालाही नाही शिकवलं. आजवर कुणी वळलं नाही हे नशीब. ही वळली कारण हिनं मी सांगितलं ते सगळ्यात मन लावून केलं. लिहा तुम्ही, मी सही करतो."

आबांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत कागदावर एक शेरा नव्हता त्यांच्या. आणि व्यायामाच्या बाबतीत तर हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. डॉक्टरशी भांडायचा. जिमवाल्यांशी भांडायचा. तो माणूस माझ्यासाठी साहेबांसमोर उभा राहून 'चुकलं' म्हणत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "आबा, जाऊ द्या, मी बसते फोनवर." तर माझ्यावरच ओरडले, "तू गप. तुला कुणी विचारलं?"

साहेबांनी कागद बाजूला सारले. सही काही घेतली नाही. परीक्षा होईल म्हणाले, पण बाहुला नाही. जिवंत माणूस. आणि तीस पावलांनंतर मी त्याला खाली कसं ठेवते तेही बघणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं आणि कवायत बदलली. खाली आलं की तीस पावलं पुढे. एक गुडघा जमिनीला. मग दुसरा. मग पाहुण्यांच्या डोक्याखाली हात घेऊन हळूच टेकवायचं, तोंडाजवळ जाऊन विचारायचं, "नाव काय तुमचं? कुठं दुखतंय का?" वाघवाला हसायला लागला. वाळूच्या पोत्याला नाव कसलं विचारायचं! आबांनी पहिल्यांदा स्वतः करून दाखवलं. गुडघे वाजले त्यांचे, आम्हाला ऐकू आले. इतक्या वर्षांत ते वाजतात हे कुणाला माहीत नव्हतं. बाहुल्याशेजारी वाकून त्यांनी इतक्या मायेने विचारलं, "नाव काय तुमचं?" की पुढे कुणी हसलं नाही. आठ दिवस मी दिवसातून कितीतरी वेळा त्या बाहुल्याला नाव विचारलं. झोपेतही विचारत असेन.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न आला, पाठीवर कोण बसणार? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाईच्या पाठीवर बसायचं म्हणजे सगळ्यांना एकदम लाज सुचली. त्यात व्हिडिओची भीती. वाघवाला म्हणाला, "ही मला वर घेऊन गेली तर?"

"मी बसतो," आबा म्हणाले. आणि पिशवी पाठीवरून काढून खाली ठेवली. ड्युटीवर, आग आणि कवायत सोडून, त्यांना पिशवी खाली ठेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिच्याशिवाय ते म्हातारे दिसत होते.

टॉवरच्या चौथ्या मजल्यावर मी त्यांना पाठीवर घेतलं. जड होते हो. दिसायचे त्याहून कितीतरी जड, नुसतं हाड. उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर कानाशी आवाज आला, "बोलता येतंय का?"

"येतंय."

"पूर्ण वाक्यात."

"मला बोलता येतंय, आबा."

"वडील काय म्हणतात?"

मी म्हणाले, "काल फोन उचलला मी. ते म्हणाले, तो व्हिडिओ त्यांनी वीस वेळा बघितला. म्हणाले, हसणाऱ्यांना हसू दे, एका माणसाला पाठीवर घेऊन तीन मजले उतरलीस हे मला दिसलं."

दुसरा मजला गेला, पहिला गेला. शेवटची पायरी आली आणि माझ्या पायांनी वळायला बघितलंच, खोटं कशाला सांगू. अंगभर घाम फुटला. आबा पाठीवरून 'सरळ' म्हणाले असते तर भागलं असतं. म्हणाले नाहीत. मी दात खाऊन सरळ गेले. तीस पावलं मोजली. एक गुडघा टेकला. दुसरा. डोक्याखाली हात घेतला आणि हळू, अगदी हळू, आबांना जमिनीवर टेकवलं. त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

"नाव काय तुमचं?"

त्यांनी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. इतके दिवस बरोबर काम करून मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"कुठं दुखतंय का?"

आबांचे डोळे मिटलेले होते. कडेने पाणी येत होतं. "नाही गं," म्हणाले. "आई गेल्यापासून मला कुणी उचललं नव्हतं. कसं वाटतं तेच विसरलो होतो."

साहेब जवळ आले. कागदावर खूण करत म्हणाले, "पास. उठा आता आबा, कपडे मळतील."

आबा हलले नाहीत. मैदानात तसेच उताणे पडून राहिले, हात पोटावर, पिशवी लांब टॉवरपाशी.

"थांबा साहेब," म्हणाले. "आज पाहुणा मी आहे. चहा विचारा कुणीतरी."

चहा आणायला मीच पळाले. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत रडत गेले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "एक स्पेशल. पाहुण्यांसाठी."